सातवी नस आणि सात वर्षांचा उकिरडा

टेंभरीच्या तंटामुक्ती समितीचं अध्यक्षपद बबनराव भोयरांकडे सलग नऊ वर्षं होतं, ते त्यांच्या अकलेपेक्षा त्यांच्या चेहऱ्यामुळे. अक्कल होतीच, पण ती गावात आणखी दोघा-चौघांकडेही होती. तसा चेहरा मात्र दुसऱ्या कुणाकडे नव्हता. समोरचा रडो, ओरडो, नाहीतर जमिनीवर डोकं आपटो, बबनरावांच्या तोंडावरची एक रेघ हलायची नाही. हे आपल्या बाजूचे की त्याच्या, हे निकाल लागेपर्यंत कुणालाच कळत नसे आणि म्हणूनच निकाल लागला की दोन्ही बाजू तो निमूट मानत. बबनरावांना या चेहऱ्याचा आतून भारी अभिमान होता. लग्नात एखादा फोटोवाला "काका, जरा हसा ना" म्हणाला, तर ते त्याच्याकडे असे बघत की तो कॅमेरा वरबापाकडे वळवी.

एकाच भांडणानं त्यांच्या कारकिर्दीला बट्टा लावला होता. ते उकिरड्याचं.

डोमाजी आणि कैलास हे भिंतीला भिंत लावून राहणारे शेजारी. डोमाजी साठी ओलांडलेला, एकटा, दोन म्हशींचा मालक. कैलास चाळिशीचा आणि तापट. डोमाजीचा उकिरडा बरोब्बर कैलासच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. कैलास म्हणे, "वासानं घास उतरत नाई." डोमाजी म्हणे, "कायचा वास? मले तं काईच येत नाई." एवढंच भांडण, पण सात वर्षं चाललं. एकदा डोमाजीनं त्या उकिरड्यावर मेलेली घूस टाकली आणि वर कैलासला अगदी गरीब तोंड करून विचारलं, "सांग बरं, कुठं येते वास?" त्या दिवशी कैलास विळा घेऊन धावला. प्रकरण समितीकडे आलं, आणि तिथंच रुतून बसलं. 'खोटं बोलणाऱ्याच्या शब्दावर मी उकिरडा हलवणार नाही,' हे डोमाजीचं म्हणणं. 'आधी त्यानं वास येतो हे कबूल करावं,' हे कैलासचं. येत्या रविवारी समितीची बैठक होती, अकरावी.

त्याच आठवड्यात, डिसेंबरच्या ऐन थंडीत, बबनराव काही कागदांसाठी समुद्रपूरला गेले आणि परतीच्या एसटीत खिडकी उघडी ठेवून झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात दात घासून त्यांनी गुळणी भरली, तर पाणी त्यांच्या परवानगीशिवाय डाव्या कोपऱ्यातून पिचकारीसारखं निघालं आणि शेजारी दाणे टिपणाऱ्या कोंबड्यावर पडलं. कोंबडा ओरडत पळाला. बबनरावांनी पुन्हा पाणी भरलं. पुन्हा तेच.

चुलीपाशी बसलेली जयवंता, म्हणजे त्यांची बायको, आधी पोट धरून हसली. मग तिनं जवळ येऊन पाहिलं.

"अजी, तोंड वाकडं काऊन करून राह्यले?"

"म्या कुठं केलं?"

"आरसा पाहा."

आरशात अर्धे बबनराव नेहमीचे होते. उरलेले अर्धे कुणीतरी इस्त्री करून ठेवल्यासारखे सपाट. डावी भुवई खाली आलेली, डावा गाल लोंबलेला, आणि डावा डोळा टक्क उघडा, पाणी गाळत.

"लकवा!" जयवंतानं छातीला हात लावला. "माह्या माहेरी याले कबुतराचं रगत चोयते. थांबा, मी पाह्यतो कोनाकडं कबुतरं हायत."

"कबुतरानं काय केलं त्यात?" बबनराव म्हणाले. 'कबुतर' हा शब्द 'कवुतर' असा बाहेर पडला, आणि तेव्हा मात्र त्यांनी आरसा पालथा ठेवला.

जयवंतानं फोन लावला तो आकांक्षाला. बबनरावांच्या धाकट्या भावाची ही मुलगी बोरगाव मेघेला राहायची आणि सावंगीला डॉक्टरकी शिकायची. फोनच्या पडद्यावर ती अर्धवट वेणी घातलेली दिसली.

"मोठे बाबा, दोन्ही भुवया वर करा."

उजवी गेली. डावीनं ऐकलं नाही.

"आता डोळे घट्ट मिटा."

"मिटले."

"दोन्ही?"

"दोन्ही मिटले ना," बबनराव म्हणाले. मग जरा थांबून, घाबऱ्या आवाजात, "पन मले तू अजून दिसून राह्यली, बेटा."

हातपाय ठीक आहेत का, चालताना तोल जातो का, हे सगळं आकांक्षानं विचारलं आणि म्हणाली, "नस असावी. पण फोनवर ठरवायची ही गोष्ट नाही. आत्ताच्या आत्ता सावंगीला या. औषध जितकं लवकर सुरू होईल तितकं बरं. आणि मोठी आई, कबुतर सोडून दे."

सावंगीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सांगितलं की मेंदू ठणठणीत आहे. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या असतात, त्यातली सातवी चेहऱ्याची. डाव्या बाजूची ती नस कानामागच्या हाडातल्या बोगद्यात सुजून दाबली गेली आहे. "मोटारीची वायर दबली की मोटार बंद पडते. मोटार काही जळालेली नसते," असं त्या म्हणाल्या, तेव्हा बबनरावांना एकदम पटलं. मोटारीचं त्यांना कळत होतं.

गोळ्या मिळाल्या, डोळ्यात घालायचे थेंब मिळाले, झोपताना डोळ्यावर पट्टी चिकटवायला सांगितली. शेवटी बाई म्हणाल्या, "आणि रोज तीनदा आरशासमोर बसून व्यायाम. गाल फुगवायचे, शिट्टी मारायची, आणि हसायचं."

"हसाचं?" बबनरावांनी विचारलं. "त्याच्याऐवजी इंजेक्शन नाई का काई?"

घरी येताना त्यांनी जयवंताला आणि सोबत आलेल्या आकांक्षाला शपथ घातली. गावात कुणाला सांगायचं नाही. नऊ वर्षं ज्या तोंडावर कारभार चालवला, त्या तोंडाचा तमाशा करायचा नाही. दाढ काढली म्हणायचं. मग त्यांनी तपकिरी मफलर डोक्यापासून हनुवटीपर्यंत असा गुंडाळला की फक्त दोन डोळे उघडे राहिले. आपण सगळं झाकलं असं त्यांना वाटलं. नेमकं झाकायचं तेच उघडं राहिलं होतं, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

कारण असं, की माणूस दर दोन-चार सेकंदांनी डोळे मिचकावतो. बबनरावही मिचकावत होते. पण मिटत होता एकटा उजवा. डावा जागच्या जागी, टक्क. समोरच्याला त्याचा एकच अर्थ लागत होता. अध्यक्ष डोळा मारतात.

पहिला बळी डोमाजी. शनिवारी सकाळी तो बैठकीआधी आपली बाजू पुन्हा एकदा मांडायला आला. आकांक्षाची तोंडी परीक्षा जवळ आली होती, म्हणून ती मोठ्या बाबांना ओसरीवर बसवून बाराच्या बारा नसा तपासायचा सराव करत होती. डोमाजी फाटकातून आत शिरला तेव्हा ती नेमकी बाराव्या, म्हणजे जिभेच्या, नसेवर होती, आणि टेंभरीच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष फाटकाकडे तोंड करून जीभ बाहेर काढून बसले होते.

डोमाजी थबकला. बबनरावांनी जीभ आत घेतली, मफलर ओढला आणि शक्य तितक्या भारदस्तपणे म्हणाले, "ये, वैस."

"जी, मी म्हन्तो," डोमाजी खांबाला टेकून बसला, "सात वर्सं झाली. थो कैलास मले सपशेल खोटा पाडून राह्यला. वास येते म्हन्ते. मी काय आंधया हाव?"

बबनराव नेहमीसारखे गप्प ऐकत राहिले. फक्त डोळा मिचकला.

डोमाजीनं मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. पुन्हा समोर पाहिलं, तर पुन्हा तेच. आणि दुसऱ्या डोळ्यातून टपटप पाणी! म्हणजे आपल्या हालअपेष्टा ऐकून अध्यक्ष एका डोळ्यानं रडतात, आणि दुसऱ्यानं सांगतात, काळजी करू नको, मी आहे. नऊ वर्षांत या माणसानं कुणाला एवढं जवळ केलं नव्हतं.

"समजलं जी," डोमाजी हात जोडून उठला. "काई बोलाची गरज नाई. सारं समजलं."

"काय समजलं याले?" तो गेल्यावर बबनरावांनी आकांक्षाला विचारलं. ती वहीत तोंड खुपसून बसली होती.

दुपारी कैलास आला. त्याचं गाऱ्हाणं ऐकताना बबनरावांच्या डाव्या कानात त्याचा प्रत्येक शब्द ताटावर पळी आपटावी तसा वाजत होता. हाही त्या नसेचाच प्रताप, कानाला आवाज मोठा लागतो. त्यामुळे ते जास्तच मिचकावत होते. कैलास बोलता बोलता थांबला, हळूच हसला, आणि जाताना चक्क त्यानंही उलट डोळा मारला.

संध्याकाळी समितीच्या उपाध्यक्षा अनुसयाबाई बैठकीचा विषय विचारायला आल्या. वय सत्तर, जीभ सोळा वर्षांच्या पोरीची. त्यांनी दोन मिनिटं सहन केलं, मग पदर खोचून थेट स्वयंपाकघरात गेल्या.

"जयवंता, तुह्या बुढ्याले आवर. मले डोया मारून राह्यला. मी त्याच्या मायच्या बरोबरीची!"

जयवंताला सांगावंच लागलं. अनुसयाबाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. त्यांनी मात्र शपथ पाळली, हे त्यांच्या नावावर नोंदवून ठेवायला हवं. टेंभरीत गुपित रात्रभर टिकल्याचा तो पहिलाच प्रसंग.

रविवारी सकाळी शाळेच्या पटांगणात बैठक भरली. गाव झाडून आलं होतं, कारण उकिरड्याची बैठक म्हणजे हमखास मारामारी. पण घडलं भलतंच. डोमाजी उभा राहिला आणि म्हणाला, "अध्यक्ष सांगतीन ते मले मंजूर." कैलास उभा राहिला. "मले बी मंजूर. आधीच सही करून देतो." दोघांनी खरोखरच कोऱ्या कागदावर सह्या ठोकल्या. लोक एकमेकांकडे पाहू लागले. बबनरावांना तर कळेचना. सात वर्षं डोकं फोडून जे जमलं नाही, ते आपोआप कसं जमलं? आपल्या आजाराची कीव आली म्हणावं, तर आजार कुणाला ठाऊक नाही.

त्यांनी घसा साफ केला. "उकिरडा डोमाजीनं हलवावा. गावाभायेर नवा खड्डा कैलासनं खंदून द्यावा."

एरवी यावर दोघंही उसळले असते. आज दोघंही स्वस्थ, फक्त अध्यक्षांच्या डोळ्यांकडे बघत. वाऱ्यासोबत धूळ आली. उजवा डोळा मिटला, उघडला.

"समजलं जी!" डोमाजी म्हणाला.

"समजलं काका!" त्याच क्षणी कैलास म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तुले काय समजलं बे?"

"तुले काय समजलं, ते सांग! मले त्यायनं डोया मारला."

"तुले? थो मले मारला! कालपासून मलेच मारून राह्यले!"

सगळं पटांगण अध्यक्षांकडे वळलं. बबनराव गांगरले, आणि गांगरलेला माणूस भराभर डोळे मिचकावतो. पुढच्या रांगेतल्या पाच-सहा जणांना वाटलं, आपल्यालाही मारला. त्यात एक ग्रामसेवक होते, ते लाजले. अनुसयाबाई पदर तोंडात कोंबून गदगदा हलत होत्या.

"दोन्हीकडून गोड बोलाचं अन् मधी आपन मोठं व्हाचं!" कैलास ओरडला. "मफलर काढा! तोंड पाहू द्या तुमचं!" आणि सात वर्षांत पहिल्यांदाच डोमाजी त्याच्या बाजूनं ओरडला, "हौ, काढा!"

बबनरावांना वाटलं, उठावं आणि घरी जावं. पण घरी जायला गर्दीतूनच वाट होती. त्यांनी मफलर सोडला.

त्या वाकड्या तोंडाकडे दीडशे माणसं बघत होती, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदाच बबनरावांना आपल्या चेहऱ्याचं काय करावं ते कळत नव्हतं. "नस हाय," ते म्हणाले. "सातवी. दवली."

तेवढ्यात आकांक्षा पुढं आली. तिला गर्दीची भीती नव्हती, भीती फक्त परीक्षकांची होती. तिनं सरळ सांगितलं की हा डोळा मारणं नाही, दुसरा डोळा मिटतच नाही, हा आजार आहे आणि तो बरा होतो. मग तिनं सगळ्यांना भुवया वर करायला लावल्या, गाल फुगवायला लावले. दीडशे माणसं गाल फुगवून एकमेकांकडे बघतात तेव्हा राग फार वेळ टिकत नाही. लोक फिस्सकन हसले, आणि त्या हसण्यात बबनरावांना आपल्यावरचं हसू वेगळं काढता आलं नाही.

पण डोमाजी पेटलेलाच होता. "हे सारं थोतांड! बारा नसा म्हने! दाखव बरं!"

"दाखवते की. तुम्हीच या, डोमाजी काका. पहिली नस वासाची." आकांक्षानं पिशवीतून कॉफीची पुडी काढली. "डोळे मिटा. कशाचा वास आहे?"

डोमाजीनं जोरात श्वास ओढला. "हवा."

तिनं पुडी नाकाला टेकवली. "आता?"

"थंडी हवा."

आकांक्षाच्या कपाळावर आठी पडली. तिनं उदबत्ती मागवली, साबण मागवला. डोमाजीचं उत्तर तेच. कुणीतरी घरून तिखटाचा डबा आणला. तो नाकाजवळ नेताच डोमाजीला सटासट चार शिंका आल्या.

"पाहा!" कैलास नाचला. "येते त्याले वास! नाटकी हाय!"

"नाही," आकांक्षा म्हणाली. "तिखट झोंबतं ते पाचव्या नसेला. तो वास नाही."

कैलासला हे मुळीच पटलं नाही. तो तरातरा घरी गेला आणि फावड्यावर उकिरड्याचा ऐवज घेऊन आला, अगदी तळातला, पिकलेला. पहिल्या तीन रांगा उठून पळाल्या. ग्रामसेवकांनी रजिस्टर नाकाला लावलं. डोमाजी डोळे मिटून, त्या फावड्यावर वाकून, मनापासून हुंगत उभा होता.

"चाऱ्याचं कुटार हाय का?" त्यानं विचारलं. "वल्लं कुटार?"

पळालेल्या रांगांतली माणसं नाक दाबून परत पुढं आली.

"काका," आकांक्षानं हळू आवाजात विचारलं, "डोक्याला कधी मार लागला होता का?"

"बैलबंडीवरून पडलतो. मांगच्या अंगानं. आठ वर्सं झाली असतीन." डोमाजीनं डोळे उघडले. "तवापासून भाजीलेही चव नाई. त्याच साली आमची बुढी गेली. मले वाटलं, हाताचा फरक असंन."

कैलासनं फावडं खाली ठेवलं.

"म्हंजे तू," तो म्हणाला, "वास कुठं येते, हे मले सात वर्सं खरंच इचारून राह्यलता?"

"मंग? तू कधी सांगतलंच नाई. विळाच घेऊन आला."

कैलासनं फावडं पुन्हा उचललं. मग म्हणाला, "खड्डा मी आजच खंदतो." आणि डोमाजी म्हणाला, "म्हशी बी माह्या हायत, अर्धा मी खंदतो." निकाल जो लागायचा तो आधीच लागला होता. सह्याही झालेल्या होत्या.

पुढल्या आठवड्यात कैलासच डोमाजीला मोटारसायकलवर सावंगीला घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, जुना मार आहे, आता परत येईल असं सांगता येत नाही. मात्र गॅस गळला, दूध नासलं, काही जळालं, तर तुम्हाला कळणार नाही, तेव्हा जवळ कुणीतरी असू द्या. कैलास भावनेच्या भरात म्हणाला, "मी हाव ना."

बबनरावांनी गोळ्या संपवल्या आणि आरशासमोरचा व्यायाम चालू ठेवला. पहिल्या महिन्यात काही हललं नाही. दुसऱ्या महिन्यात एका सकाळी चहा पिताना डाव्या कोपऱ्यातून काही सांडलं नाही, तेव्हा जयवंतानं देवापुढं साखर ठेवली. होळीपर्यंत तोंड सरळ झालं. आकांक्षा परीक्षेत पास झाली. तिला नसांचं एक अक्षर विचारलं नाही, सगळे प्रश्न पोटावर आले, याचं तिला फार वाईट वाटलं.

चैत्रात एके दिवशी बबनराव अंगणात खाट टाकून पडले होते, तेव्हा कैलास हातात अर्ज घेऊन आला.

"काका, हे नाई जमत. डोमाजी रोज पाच वाजता भिताडावर थाप मारते. म्हन्ते, दूध हुंगून दे. मंग गॅस हुंग. मंग कालची भाजी. परवा त्याचा सदरा हुंगाले लावला, धुवाचा का नाई म्हून. मले सुटी नाई, काई नाई!"

त्याच्या मागोमाग डोमाजी, त्याच्याही हातात अर्ज.

"अन् हा दूध हुंगतो म्हन्ते अन् अर्धा गिलास पिऊन जाते. म्हन्ते, पिल्याबिगर पक्कं कयत नाई!"

"एक घोट पितो मी! एक!"

"घोट? मले वास येत नाई, डोये फुटले नाईत माह्ये!"

बबनरावांनी दोन्ही अर्ज घेतले आणि उशाखाली सरकवले.

"अनुसयाबाईकडं जा," ते म्हणाले. "मी सुटीवर हाव."